वायरलेस ब्रिजच्या सेटिंगमध्ये डब्ल्यूईपी इतकी वर्षं का टिकली?



तांत्रिक मानकं म्हातारी कशी होतात आणि म्हातारी झाल्यावरही निवृत्त का होत नाहीत, हा माझ्या पीएचडीचा विषय. ऐकायला रुक्ष वाटतो, मान्य. म्हणून आज तो एका साध्या वस्तूवर मांडून दाखवते. वस्तू आहे वायरलेस ब्रिज.

समजा, राउटर हॉलमध्ये आहे आणि प्रिंटर आतल्या खोलीत. प्रिंटरला वायफाय नाही, फक्त केबल लावायची सोय आहे. भिंत फोडून केबल न्यायची नसेल तर मध्ये ब्रिज ठेवायचा. तो एका बाजूने राउटरशी वायफायवर बोलतो, दुसऱ्या बाजूने प्रिंटरशी केबलवर. दोन इमारतींमधलं नेटवर्क जोडायलाही हीच युक्ती चालते.

आता अशा एखाद्या जुन्या ब्रिजचं सेटिंगचं पान उघडा. नेटवर्कचं नाव, चॅनेल आणि मग 'सिक्युरिटी' नावाची एक यादी दिसते: काहीच नाही, डब्ल्यूईपी, डब्ल्यूपीए, डब्ल्यूपीए-टू, शिवाय एखादा 'मिक्स्ड' पर्याय. आपण काय करतो? जे निवडल्यावर जोडणी होते ते निवडतो आणि पान बंद करतो. पण यातली डब्ल्यूईपी २००१ मध्येच उघडी पडली होती. तरी पुढची कितीतरी वर्षं ती या यादीत मानाने बसलेली होती. का? याचं उत्तर शोधायला थोडं मागे जाऊ.

तारेइतकीच खासगी

अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने १९८५ मध्ये काही रेडिओ पट्टे विनापरवाना वापरासाठी मोकळे केले. त्यातून बिनतारी नेटवर्कची उपकरणं निघाली, पण एका कंपनीचं यंत्र दुसरीच्या यंत्राशी बोलेना. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं. वेग होता सेकंदाला १ किंवा २ मेगाबिट. त्याच मानकात डब्ल्यूईपी होती. पूर्ण नाव 'वायर्ड इक्विव्हॅलन्ट प्रायव्हसी', म्हणजे तारेच्या तोडीची गोपनीयता. दावा किती माफक आहे बघा. अभेद्य वगैरे काही नाही. तारेला हात लावायला जसं इमारतीत शिरावं लागतं, तेवढीच अडचण हवेतही व्हावी, एवढीच अपेक्षा.

आत यंत्र होतं आरसी-फोर. रॉन रिव्हेस्ट यांनी ते १९८७ मध्ये तयार केलं. एक गुप्त किल्ली घेऊन ते आकड्यांचा लांबलचक प्रवाह तयार करतं आणि तुमचा संदेश त्या प्रवाहात मिसळतं. पथ्य एकच: तोच प्रवाह पुन्हा वापरायचा नाही. दोन संदेश एकाच प्रवाहात मिसळले, तर ते एकमेकांवर ठेवून प्रवाह काढून टाकता येतो. मग एकाचा अंदाज आला की दुसरा आपोआप उलगडतो.

म्हणून डब्ल्यूईपीमध्ये प्रत्येक पॅकेटसाठी किल्लीच्या पुढे २४ बिटांचा एक बदलता आकडा जोडला जाई. २४ बिट म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख शक्यता. भरपूर वाटतात ना? पण ११ मेगाबिटच्या गजबजलेल्या नेटवर्कवर त्या पाचेक तासांत संपतात. आकडा वाटेल तसा निवडला, तर साधारण ५,००० पॅकेटांतच एखादा पुन्हा येण्याची शक्यता निम्म्याला पोचते.

किल्लीही सुरुवातीला फक्त ४० बिटांची. यामागे अमेरिकेचे त्या काळचे निर्यात निर्बंध होते. मजबूत एन्क्रिप्शनचा माल देशाबाहेर पाठवायला अडचण येई. सेटिंगच्या पानावर या ४० बिटांचे दहा अंक-अक्षरं हाताने भरावी लागत, तीही प्रत्येक यंत्रावर तीच. बदलायची तर प्रत्येक यंत्रापाशी जायचं. साहजिकच कुणी बदलत नसे.

२००१ सालचा उन्हाळा

२००० च्या ऑक्टोबरात इंटेलच्या जेसी वॉकर यांनी दाखवलं, की किल्ली कितीही लांब केली तरी या रचनेचा दोष जात नाही. २००१ मध्ये बर्कलीच्या बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर यांनी सविस्तर निबंध मांडला. पॅकेट वाटेत बदललं तर ते कळावं म्हणून ठेवलेली बेरीजवजा तपासणीही फसवता येते, हे त्यांनी दाखवून दिलं. ऑगस्टमध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमिर यांचा शोधनिबंध आला. डब्ल्यूईपी तो आकडा आणि किल्ली नुसती एकापुढे एक चिकटवत होती. त्यामुळे काही विशिष्ट आकड्यांच्या वेळी प्रवाहाच्या सुरुवातीतूनच किल्लीचा सुगावा लागे. हल्लेखोराने काही पाठवायची गरज नाही, नुसतं ऐकत बसायचं. गंमत म्हणजे रिव्हेस्ट आणि शमिर हे प्रसिद्ध आरएसए पद्धतीतले 'आर' आणि 'एस'. एकाने यंत्र बनवलं आणि दुसऱ्याने त्याचा चुकीचा वापर उघडा पाडला.

त्याच वर्षी हे काम आपोआप करणारी मोफत सॉफ्टवेअरंही आली. म्हणजे हल्ला करायला गणित येण्याची गरजही उरली नाही.

टेकू आणि नवी इमारत

आता तुम्ही म्हणाल, मग सरळ नवी पद्धत आणायची! नवी पद्धत होतीही. एईएस हे एन्क्रिप्शनचं मानक २००१ च्या नोव्हेंबरातच जाहीर झालं होतं. अडचण वेगळीच होती. तोवर विकल्या गेलेल्या वायफाय कार्डांमधल्या चिपा आरसी-फोरसाठी बनवलेल्या होत्या. एईएस पेलण्याची ताकद त्यांच्यात नव्हती. लोकांना 'तुमची सगळी यंत्रं फेका' असं सांगायचं का?

म्हणून वायफाय अलायन्सने २००३ मध्ये डब्ल्यूपीए आणली. तिच्यातली टीकेआयपी ही युक्ती म्हणजे पडक्या वाड्याला दिलेला टेकू. आत आरसी-फोरच, पण प्रत्येक पॅकेटला वेगळी किल्ली, २४ ऐवजी ४८ बिटांचा मोजणारा आकडा आणि 'मायकल' नावाची नवी तपासणी. जुन्या प्रोसेसरला झेपावी म्हणून मायकल मुद्दामच हलकी ठेवली होती. तिचा कमकुवतपणा तयार करणाऱ्यांनाही ठाऊक होता. म्हणून नियम घातला, की एका मिनिटात दोनदा तपासणी चुकली तर नेटवर्कने मिनिटभर व्यवहार थांबवायचा.

नवी इमारत २००४ च्या जूनमध्ये उभी राहिली: ८०२.११आय हे मानक आणि त्यावर बेतलेली, एईएस वापरणारी डब्ल्यूपीए-टू. मार्च २००६ पासून वायफायचा शिक्का हवा असेल तर डब्ल्यूपीए-टू सक्तीची झाली. गोष्ट इथे संपायला हवी होती. पण यादीतली डब्ल्यूईपी काही गेली नाही, आणि तिथेच आपला ब्रिज पुन्हा येतो.

चौथा पत्ता

साध्या वायफायवर लॅपटॉप फक्त स्वतःच्या वतीने बोलतो. त्याच्या पॅकेटवर तीन पत्ते पुरतात: पाठवणारा, मधला ॲक्सेस पॉइंट आणि ज्याला पोचवायचं तो. ब्रिजचं तसं नाही. तो मागे असलेल्या प्रिंटरच्या वतीने बोलतो. म्हणजे हवेतून पाठवणारा एक आणि मूळ पाठवणारा दुसराच. त्यासाठी चौथा पत्ता लागतो.

मूळ मानकात चार पत्त्यांची जागा होती. पण अशा दोन टोकांनी एकमेकांना कसं शोधायचं आणि किल्ली कशी ठरवायची, हे नीट लिहिलेलं नव्हतं. मग कंपन्यांनी 'डब्ल्यूडीएस' या नावाखाली आपापल्या पद्धती काढल्या. डब्ल्यूईपीत किल्ली ठरवायची बोलणीच नसतात. दोन्ही टोकांना तेच दहा अंक भरले की झालं. डब्ल्यूपीएमध्ये मात्र दोघांमध्ये चार टप्प्यांची बोलणी होतात, आणि त्यात एक यजमान व एक पाहुणा असं ठरलेलं असतं. दोन ॲक्सेस पॉइंट समोरासमोर असतील तर यजमान कोण आणि पाहुणा कोण? याचं सर्वमान्य उत्तर नव्हतं. परिणामी अनेक उपकरणांवर ब्रिजच्या दुव्यासाठी दोनच पर्याय उरत: काहीच नाही किंवा डब्ल्यूईपी. पुढे, ब्रिजने साधा पाहुणा म्हणून जोडून घ्यायचं आणि मागच्या यंत्रांचे पत्ते स्वतःच्या पत्त्याने बदलून पाठवायचे, अशी वाट निघाली. तेव्हा कुठे ब्रिजला डब्ल्यूपीए-टू सहज मिळू लागली.

यातला धोका ब्रिजच्या स्वभावात आहे. १९८० च्या दशकात डीईसी कंपनीत ब्रिज घडत होता आणि रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये त्यासाठी स्पॅनिंग ट्री ही पद्धत शोधली. तेव्हापासून त्याचा आदर्श एकच: कुणाला जाणवू नये. पत्ता बघायचा, पुढे ढकलायचं, चौकशी करायची नाही. म्हणजे लॅपटॉपसाठी तुम्ही कितीही मजबूत कुलूप लावा, ब्रिजच्या दुव्यावर डब्ल्यूईपी असेल तर तिथून शिरलेला माणूस थेट घरातच येतो.

किंमत कुणी मोजली?

अमेरिकेतल्या टीजेएक्स या दुकानांच्या साखळीत २००५ पासून घुसखोर डब्ल्यूईपी असलेल्या दुकानी वायफायमधून आत शिरत होते. जानेवारी २००७ मध्ये ही चोरी जाहीर झाली. कंपनीने नंतर किमान ४ कोटी ५७ लाख कार्डांची माहिती गेल्याचं सांगितलं. कॅनडाच्या गोपनीयता आयुक्तांनी त्याच वर्षी ठपका ठेवला, की कमकुवत एन्क्रिप्शन वेळेत बदललं गेलं नाही. आणि त्याच वर्षी जर्मनीतल्या डार्मस्टाट इथल्या संशोधकांनी १०४ बिटांची डब्ल्यूईपी एका मिनिटाच्या आत फोडून दाखवली.

आपल्याकडे भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि वायफाय घराघरांत येऊ लागलं. २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं जबाबदारी घेणारा ईमेल वृत्तवाहिन्यांकडे गेला होता. त्याचा माग नवी मुंबईतल्या सानपाड्यात एका भाडेकरूच्या घरी पोचला. त्याचं वायफाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कुणीतरी ते वापरलं होतं. त्या माणसाला चौकशीला तोंड द्यावं लागलं. पुढे २००९ च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी उघडी वायफाय शोधायची मोहीम जाहीर केली, आणि फेब्रुवारीत दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफाय सुरक्षित करण्याच्या सूचना दिल्या. इथे डब्ल्यूईपीचा दोष नव्हता. इथे यादीतला पहिला पर्याय, 'काहीच नाही', निवडलेला होता.

मग आज काय निवडायचं?

'मिक्स्ड' हा पर्याय सोयीचा वाटतो, पण त्याचा अर्थ समजून घ्या. डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए-टू एकत्र चालू ठेवली, की सगळ्यांना उद्देशून जाणारी पॅकेटं सर्वांत जुन्या यंत्राला कळतील अशीच, म्हणजे टीकेआयपीने पाठवावी लागतात. एका म्हाताऱ्या यंत्रासाठी सगळ्यांनी हळू चालायचं. वेगाचंही तेच. ८०२.११एन पासून डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी निवडली तर नवा वेग मिळत नाही, ५४ मेगाबिटवर अडकायला होतं. तुमचा ब्रिज विनाकारण रेंगाळत असेल तर आधी ही यादी बघा.

डब्ल्यूपीए-टू घेताना एईएस निवडा. दोन्ही टोकांना जमत असेल तर २०१८ मध्ये आलेली डब्ल्यूपीए-थ्री घ्या. उपकरणाचं सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवा, कारण २०१७ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी डब्ल्यूपीए-टूच्या त्या चार टप्प्यांच्या बोलण्यांतही फट दाखवली होती आणि ती अपडेटनेच बुजते.

पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा चालतो, लांब ठेवा. त्यात नेटवर्कचं नाव मिसळून ४,०९६ वेळा घुसळण होते आणि मग किल्ली बनते. म्हणून कारखान्यातून आलेलं नाव बदललेलं बरं. त्या नावांसाठी आधीच गणितं करून ठेवलेली असू शकतात. आठ आकडी पिनने जोडणारी डब्ल्यूपीएस बंद करा. तो पिन दोन तुकड्यांत तपासला जातो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून निघतो. त्यामुळे फक्त ११,००० प्रयत्न पुरतात, हे २०११ मध्ये सिद्ध झालंय. नेटवर्कचं नाव लपवणं आणि पत्त्यांची यादी करून गाळणं यावर विसंबू नका. नाव आणि पत्ते दोन्ही हवेत उघडेच फिरतात.

राहता राहिला मूळ प्रश्न. डब्ल्यूईपी टिकली ती कुणाला ती आवडत होती म्हणून नव्हे. कुठेतरी एक जुना स्कॅनर, एक जुनं कार्ड, एक जुना ब्रिज अजून चालत होता, आणि चालत असलेली वस्तू टाकून द्यायला आपलं मन होत नाही. ते समजण्यासारखं आहे. फक्त त्या एका यंत्रासाठी बाकी सगळ्यांचं दार उघडं राहतं, हा हिशेब त्यात धरायला हवा. तुमच्या घरात, दुकानात किंवा सोसायटीच्या ऑफिसात जुना पर्याय चालू असेल, तर तो नेमका कोणत्या यंत्रासाठी चालू आहे ते एकदा शोधा. बऱ्याचदा असं दिसेल, की ते यंत्र कधीच कपाटात गेलंय आणि सेटिंग मात्र तसंच राहिलंय.