उघडझाप कोणी करायची?
1962 साली स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत रॉबर्ट हॉल यांचा गॅलियम आर्सेनाइडचा लेझर उजळला तो द्रव नायट्रोजनच्या थंडीत, तोही क्षणिक स्पंदांपुरता. स्पंद हा या लेझरचा जन्मजात स्वभाव. कष्ट पडले ते अखंड प्रकाशासाठी, आणि सामान्य तापमानाला तो साधायला 1970 उजाडले. पुढे नुसता विद्युतप्रवाह हलवून सेकंदाला अब्जावधी स्पंद निघू लागले. मग अडले कुठे? माझ्या मते वेगापाशी नव्हे, रंगापाशी. प्रवाह बदलला की स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांची दाटी बदलते, त्याबरोबर अपवर्तनांक, आणि एकाच स्पंदाच्या पोटात तरंगलांबी सरकते. 1.3 मायक्रॉनच्या आसपास साध्या काचतंतूत हे खपून जाई. 1988च्या टीएटी-8 या अटलांटिकपार केबलचा पट्टा तोच. पण एर्बियमच्या प्रवर्धकांनी वाहतूक 1.55 मायक्रॉनकडे ओढली. तिथे प्रत्येक रंगाची चाल निराळी, त्यामुळे स्पंद पसरून शेजाऱ्यात मिसळू लागला. तेव्हा लांब पल्ल्यासाठी लेझर अखंड तेवता ठेवून उघडझाप वेगळ्या मॉड्युलेटरकडे सोपवली गेली. डेटा सेंटरमध्ये आजही लेझरच थेट लुकलुकतात, हा आक्षेप खरा आहे. मात्र तिथली बरीच अंतरे काहीशे मीटरांच्या आतली. स्पंदाला फार पसरायला सवड मिळत नाही.