शिमीट आलं नाही

गाडी थांबली. उतरा. जपून, पायरी उंच आहे आणि फलाट बुटका.

डोळ्यात कणी गेली ना? चोळू नका, कोळशाची आहे. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या या मीटरगेजच्या गाडीत खिडकीशी बसण्याची हौस अशीच फिटते. अकोल्यापासून वीसेक किलोमीटर आलात, पण शर्टाची कॉलर पाहिली तर कलकत्त्याहून आल्यासारखे दिसता. इंजिन एक लांब सुस्कारा सोडतं आणि त्या गरम, ओलसर वाफेत क्षणभर सगळं ठेसन दिसेनासं होतं. वाफ विरते तेव्हा तुम्ही १९८२ च्या जानेवारीत उभे असता. बार्शीटाकळी. संक्रांत परवावर आली आहे.

खिशात मोबाईल असेल तर तिथेच राहू द्या. इथे तो कुणाला लागणार नाही आणि विकतही जाणार नाही. त्याऐवजी सदऱ्याच्या वरच्या खिशाला हात लावा. घड्या पडून पडून मऊ झालेला कागद लागतो? तो जपा. ते परमिट आहे, दहा पोती सिमेंटचं.

आजच्यापुरती तुमची गोष्ट एवढीच. उन्हाळ्यात घरी लग्न आहे आणि मागच्या अंगाला एक खोली काढायची आहे. भिंत कमरेपर्यंत आली आणि सिमेंट संपलं. इथे त्याला शिमीट म्हणतात; तुम्हीही तसंच म्हणा, नाहीतर लोक साहेब समजून भाव वाढवतील. तर शिमीट संपलं, गवंडी थापी धुऊन दुसऱ्या गावी निघून गेला, आणि तुम्ही अकोल्याच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवून हा कागद मिळवला. साखर-रॉकेलसारखंच शिमीटही या दिवसांत कंट्रोलचं. दिल्ली राज्याला कोटा देते, राज्य तो खाली वाटतं. मुंबईहून निघालेला कोटा इथवर पोचेपर्यंत त्यातलं शिमीट वाटेत गळतं आणि कागद तेवढा येतो.

चला गावात. समोरून कापसाच्या बंड्या येतायत, त्यांना वाट द्या. बैल तुम्हाला देणार नाहीत. बंड्या इतक्या भरलेल्या की वरचा माणूस कापसातच उगवल्यासारखा दिसतो. रस्त्याकडेच्या बाभळींनी प्रत्येक बंडीतून चिमूटभर कापूस ओरबाडून घेतला आहे. सगळ्या काट्यांवर पांढरे पुंजके. सकाळी दातखीळ बसवणारी थंडी होती, आता ऊन मानेला चावतंय. शेणाचा, धुळीचा आणि कुठल्याशा चुलीवर मिठाच्या पाण्यात उकडणाऱ्या तुरीच्या शेंगांचा वास एकात एक मिसळला आहे. पुढच्या वळणावर त्यात आलूबोंड्याचं तेल येऊन मिळतं आणि तुमचे पाय आपोआप हळू होतात.

आधी दुकान. आत अंधार, तागाच्या रिकाम्या बारदानाचा ढीग, आणि गिलाव्याची ती करडी भुकटी, जी आत शिरताच नाकात बसते. म्हणजे शिमीट इथे कधीतरी होतं. तुम्ही परमिट पुढे करता. शेटजी वहीतून डोकं वर काढत नाहीत.

"आलं नाही."

"केव्हा येईल?"

"आलं का सांगतो."

एवढं ऐकायला तुम्ही चौथ्यांदा आलात. मागे उभा असलेला म्हातारा हसतो आणि तंबाखू मळत म्हणतो, "चाला, तुमाले दाखवतो." आणि तुम्हाला थेट देवीच्या हेमाडपंती मंदिरापाशी नेतो. बाराव्या शतकातलं हे काम. काळे दगड एकमेकांच्या खाचांत बसवलेले, सांध्यात चुना नाही, काही नाही. दगडाला हात लावा. बाहेर ऊन तापलंय आणि हा माठासारखा गार.

"याच्या बापानं कोन्त्या साहेबाले भेटून परमिट आणलं होतं?" म्हातारा विचारतो.

हसा, पण परत फिरा. भूक लागली आहे.

हॉटेलात दोन बाकडी, एक भट्टी आणि फळीवर कातडी म्यानातला रेडिओ. चाचा न विचारता बशीत आलूबोंडा ठेवतात, वर कढी ओततात. पहिला घास जीभ भाजतो. बाहेर उंबऱ्याशी एक आजी टोपलीत उकडलेल्या शेंगा घेऊन बसली आहे. आत धूर, बिडीचा वास, आणि भांडण. तुम्ही त्याच्यासाठीच इथे आला आहात. आरामात बसा.

एका बाकड्यावर पंजावाले भाऊ. खादी परीटघडीची, टोपी तिरपी. समोर कमळवाला पोट्टा, नुकतंच कॉलेज सोडलेला, हातात नागपूरचा 'तरुण भारत' गुंडाळीसारखा धरलेला, दर वाक्याला तो बाकड्यावर आपटतो.

"ट्रस्टले चेक द्या न शिमीट न्या! मुंबईत बिल्डिंगी उठून राह्यल्या, न इथी मानसाले चार पोते भेटत नाही!"

ऑगस्टअखेर अरुण शौरींनी 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये ते छापलं, तेव्हापासून हे असंच चालू आहे. मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले, त्यांचं इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान, त्याला बिल्डरांनी दिलेल्या देणग्या, आणि त्याच बिल्डरांना मिळालेलं जादा सिमेंट. साखर कारखान्यांनी उसाच्या पैशातून दिलेल्या रकमा वेगळ्याच. भाजपचे रामदास नायक फौजदारी खटल्याच्या मागे लागलेत, जनता पक्षाचे प. बा. सामंत उच्च न्यायालयात गेलेत. पण इथे नावं फार घेऊ नका. इथे त्या सगळ्याला एकच शब्द आहे, शिमीट.

भाऊंकडे उत्तर तयार असतं. बशीत चहा ओतून, फुंकर घालून, सावकाश देतात.

"ट्रस्ट कलावंतायसाठी हाये, लेखकायसाठी हाये. देनाऱ्यानं राजीखुशीनं देल्ले. बाईचा त्याच्याशी संबंध नाही, हे दिल्लीत सभागृहात सांगतलं. तुह्या लोकायले खुर्ची पाह्यजे, दुसरं काय बे?"

"मंग बाईचं नाव काहून काढलं ट्रस्टावरून?"

"तुमी बदनाम कराले नको म्हून!"

बाकडी हसतात. तुम्हीही हसता, आणि मग लक्षात येतं की हा सूर ओळखीचा आहे. शांत, न दुखावणारा, प्रश्नाला उत्तर दिल्यासारखा आणि न दिल्यासारखा. मघाशी दुकानात ऐकलात तोच. आलं का सांगतो.

पोट्टा तुमच्याकडे वळतो. "तुमीच सांगा काका, तुमची खोली कावून अडली?" सगळ्यांच्या माना तुमच्याकडे. तुम्ही खिशातला कागद काढणार, तेवढ्यात उंबऱ्यावरून आवाज येतो.

"मले तुमचं शिमीट समजत नाही बाप्पा." आजी शेंगांवरच्या माश्या हाकलते आहे. "त्यानं देल्ले म्हून मले महिन्याचे पैसे भेटतात. लेकानं नाही देल्ले, त्यानं देल्ले."

ती निराधार योजनेबद्दल बोलते आहे. संजय गांधी निराधार अनुदान योजना, अंतुल्यांनीच सुरू केलेली. भाऊ मांडीवर थाप मारतात. पोट्टा पेपर उलगडतो, पुन्हा गुंडाळतो. दोन्ही बाजूंनी इतक्या वेळात बोललेल्या सगळ्यात हेच वाक्य कुणाला खोडता येत नाही. तिला मिळालेल्या पैशामागे आणि तुम्हाला न मिळालेल्या पोत्यांमागे राज्य एकाच माणसाचं. तुम्ही कागद तसाच खिशात ठेवता आणि चार आण्याच्या शेंगा घेता. गरम आहेत, बोटं खारट होतात.

अंधार लवकर पडतो. विद्रुपा नदीच्या पात्रावरून गार वारा येतो, लोक भट्टीजवळ सरकतात, घोंगड्यांना धुराचा वास. चाचा रेडिओचा कान पिळतात. खरखर, शिट्टी, मग बातम्या. न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल: देणग्यांचा आणि सिमेंटच्या वाटपाचा संबंध आहे. पाठोपाठ दुसरं वाक्य: मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला.

भट्टीतलं लाकूड तडकतं, तेवढाच आवाज. पोट्टा उभा राहतो. काय करावं ते न सुचून सगळ्यांना चहा सांगतो, उधारीवर. आणि भाऊ? भाऊंकडे बघत राहा. टोपी काढतात, झटकतात, पुन्हा घालतात. तेवढ्यात नवं उत्तर तयार.

"कोर्टाचा मान राखला ना पन! दुसऱ्या कोनं राखला असता काय?"

आणि पोट्ट्याने सांगितलेला चहा तेही पितात. चाचा तो पोट्ट्याच्याच खात्यावर मांडतात.

आता एक मोह आवरा. पुढचे मुख्यमंत्री बाबासाहेब भोसले, हे तुम्हाला माहीत आहे. सांगू नका, इथे कुणाचाच विश्वास बसणार नाही, त्यांचं नावही कुणाच्या यादीत नाही. खटला वर्षानुवर्षं चालणार आहे, वरच्या कोर्टात सात न्यायाधीश बसणार आहेत, तेही गिळून टाका. आणि फेब्रुवारी सरता सरता दिल्ली सिमेंटवरची पकड सैल करणार आहे, हे तर अजिबात बोलू नका. शेटजींच्या कानावर गेलं तर उरलंसुरलं बारदानही गायब होईल.

संक्रांतीच्या सकाळी मात्र तुम्ही दुकान गाठताच. राहवत नाही ना? हात जोडता, शेटजींच्या तळहातावर तिळगूळ ठेवता.

"मुख्यमंत्री गेले. आता तरी?"

शेटजी तिळगूळ तोंडात टाकतात. पहिल्यांदाच वहीतून डोकं वर काढतात, आणि सणाला शोभेलसं गोड हसतात.

"आलं नाही."

घरी जा. मागच्या अंगाला तुमची कमरेएवढी भिंत उन्हाने शेकून निघाली आहे. वर पतंग, खाली गल्लीतली पोरं. आणि भिंतीवर, पाय सोडून, भाऊ आणि तो पोट्टा शेजारी शेजारी बसलेत. आता कोण येणार यावर पैज लागली आहे. आजी टोपली खाली ठेवून दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवते आणि दोघांनाही सारखंच दटावते, गोड बोला म्हणते.

तुम्हाला बघून भाऊ थोडे सरकतात, पोट्टाही थोडा सरकतो. मधे जागा होते.

बसा. भिंत बसायला चांगली झाली आहे.