बालसाक्षीचे मोल

इतिहासाची इमारत कागदपत्रांवर उभी राहते हे खरे. परंतु प्रत्यक्ष पाहणाऱ्याची साक्ष लाभली म्हणजे त्या मुक्या कागदांना वाचा फुटते. मात्र अशी साक्ष कशी पारखावी, हाही विचार अवश्य करावयास हवा. अमेरिकेतील सॅम्युएल सीमूर यांची हकीकत त्या दृष्टीने मननीय आहे.

ज्या गुलाममुक्तीच्या कार्याचा गौरव करून महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केला, त्या कार्याचे धुरीण म्हणजे अध्यक्ष अब्राहम लिंकन. यादवी युद्धात जनरल ली शरण आल्यावर अवघ्या पाच दिवसांनी, १४ एप्रिल १८६५ रोजी, ते वॉशिंग्टन येथील फोर्ड नाट्यगृहात नाटक पाहावयास आले. समोरच्या सज्जात पाच वर्षांचा सॅम्युएल बसला होता. त्याचे वडील मेरीलँडमधील एका मळ्यावर देखरेख करीत. मळेवाल्याच्या पत्नीने त्यास दाईसह तेथे आणले होते.

खेळ रंगात असता जॉन विल्क्स बूथ या नटाने लिंकन यांच्यावर मागून गोळी झाडली व रंगमंचावर उडी घेतली. बार झाला, किंकाळी उठली. परंतु अध्यक्षांचा घात झाला हे त्या बालकास उमगले नाही. वरून कोणी बिचारा पडला, त्याच्या मदतीस चला, असा त्याने धोशा लावला. ज्याचा त्याला कळवळा आला, तोच मारेकरी होता!

१९५४ साली सीमूर यांची ही आठवण प्रसिद्ध झाली. फेब्रुवारी १९५६ मध्ये दूरचित्रवाणीवरून अमेरिकेने त्यांचे दर्शन घेतले आणि १२ एप्रिल रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, ते निवर्तले.

आता या साक्षीची पारख करू. दीडशे गुलामांच्या कायदेशीर स्थितीसंबंधीच्या कामासाठी वडीलमंडळी राजधानीत गेली होती, असे सीमूर सांगत. परंतु मेरीलँडमध्ये गुलामगिरी १ नोव्हेंबर १८६४ रोजीच रद्द झाली होती. मोठ्यांच्या व्यवहाराविषयीचे हे ज्ञान मुलाला ऐकूनच मिळणार. ते कागदांशी ताडूनच घ्यावे. खुन्याविषयीची करुणा मात्र निराळी. पदरची गोष्ट रचणारा स्वतःस शहाणा ठरवील. मारेकऱ्याची कीव आली असे कशाला सांगेल? जेथे साक्षीदार आपले अज्ञान जसेच्या तसे मांडतो, तेथेच त्याची साक्ष अधिक विश्वसनीय ठरते.

आपल्या ज्ञातीतही गोवामुक्ती, १९६१ चा पानशेतचा प्रलय, १९६७ चा कोयनेचा भूकंप बालपणी पाहिलेली वृद्ध मंडळी आहेत. तरुण ज्ञातिबांधवांनी त्यांच्याजवळ बसून त्या आठवणी टिपून घ्याव्यात. नंतर वाचलेले वेगळे नोंदवावे. त्या वेळी जे दिसले, जे कळले नाही, तेही तसेच लिहावे. सीमूर यांची साक्ष अक्षरबद्ध झाली आणि दोनच वर्षांत ते गेले, हे आपण विसरू नये.