परावर्तनरोधी लेप, सौर घटांवरील
सौर घटावर पडलेला प्रकाश परत न उसळता आत शिरावा, यासाठी दिलेला पातळ थर. उघडे, गुळगुळीत सिलिकॉन ३० टक्क्यांहून अधिक प्रकाश परावर्तित करते. त्यावर सुमारे ७५ नॅनोमीटर जाडीचा सिलिकॉन नायट्राइडचा थर दिल्यास थराच्या वरच्या व खालच्या पृष्ठभागांवरून परतणाऱ्या तरंगलहरी एकमेकींना बऱ्याच अंशी नष्ट करतात. घटांचा निळा रंग याच थरामुळे दिसतो. मात्र तो चढवायला निर्वात यंत्रणा लागते आणि ती महाग असते.

खरी स्वस्ताई साधते ती पॅनेलच्या काचेवर. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परतवतो. तो थोपवण्यासाठी सुमारे १.२३ अपवर्तनांकाचा थर हवा. इतका कमी अपवर्तनांक असलेला सघन, टिकाऊ पदार्थ व्यवहारात मिळत नाही. म्हणून सिलिकेतच हवेची सूक्ष्म छिद्रे ठेवतात. सोल-जेल पद्धतीत सिलिकायुक्त द्रावण रुळाने लावतात किंवा काच त्यात बुडवून काढतात. काच कडक करण्याच्या भट्टीतच लेपही पक्का होतो, वेगळा इंधनखर्च जवळजवळ नाही. छिद्रे वाढवली की परावर्तन घटते, पण लेप ठिसूळ होतो. धूळ आणि वारंवार पुसणे त्याला झिजवते.