कोयंडा आणि कुलूप

दिवाळीच्या तोंडावर घर झाडावयास काढले, की वर्षभर ज्यांचा पत्ता नसतो अशा वस्तू आपण होऊन पुढे येतात. गेल्या वर्षी माळ्यावरून किल्ल्यांचा एक जुडगा खाली पडला. नऊ किल्ल्या होत्या आणि त्यांपैकी एकही घरातल्या कोणत्याच कुलपाला लागेना. सौभाग्यवती म्हणाल्या, "मोडीत घाला." मी मात्र तो जुडगा घेऊन दाराशी गेलो. दार आलापल्लीच्या सागवानाचे, वडिलांनी बसविलेले. त्याची कडी तीच, कोयंडाही तोच. त्या एका कोयंड्यात आजवर नऊ कुलपे येऊन गेली असावीत. काही गंजली, काही हरवली. दाराला मात्र कधी धक्का लागला नाही.

एका पावसाळ्यात असेच एक कुलूप गंजून घट्ट बसले होते. आता दारच उखडावे लागणार, अशा समजुतीने मी गावच्या सुताराला बोलाविले. तो हसून म्हणाला, "गुरुजी, कुलूप खराब झालं त कुलूप बदलवा. कवाड कायले तोडता?" लोखंड कापावयाच्या करवतीने त्याने पाच मिनिटांत ते कुलूप कापून काढले आणि चहा घेऊन तो आपल्या वाटेने निघून गेला.

वाचकहो, आज मला जो इतिहास सांगावयाचा आहे, तो या सुताराच्या वाक्याचाच विस्तार आहे. तो घडला सातासमुद्रांपलीकडे; परंतु त्याची झळ आमच्या झाडीपट्टीपर्यंत येऊन पोचली, म्हणून तो मला सांगावासा वाटतो.

मी मॅट्रिकवर थांबलेला माणूस. दिवसा वैनगंगेकाठच्या एका खेड्यात शाळा शिकवितो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो. संगणकाशी माझा संबंध मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज भरण्यापुरता. २०१८ सालच्या जुलैत असे अकरा अर्ज भरावयाचे होते. त्यांत एका मुलीचा अर्ज होता. शिष्यवृत्ती मिळाली नाही तर शाळा सोडून तिने रोवणीच्या कामाला जावे, असे तिच्या घरी ठरले होते. शाळेचा संगणक देणगीत आलेला, जुनापुराणा. आदल्या आठवड्यापर्यंत सुरळीत उघडणारी वेबसाइट त्या दिवशी उघडेचना. 'सुरक्षित जोडणी होऊ शकत नाही' अशा अर्थाचे एक वाक्य पडद्यावर यायचे आणि सारे तिथेच थांबायचे. बाहेर पावसाची झड लागलेली आणि मुदत दुसऱ्या दिवशी संपणार.

पुण्यात संगणकाचे काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी सुदैवाने गावी आला होता. तो भिजतच शाळेत आला, खिशातल्या पेन-ड्राइव्हवरून त्याने एक दुसरा ब्राउझर संगणकात घातला, आणि काय आश्चर्य, तीच वेबसाइट चटकन उघडली! रात्री अकराला अकरावा अर्ज गेला.

मी विचारले, "अरे, संगणक तोच, तार तीच. मग झाले काय?"

तो म्हणाला, "गुरुजी, त्या वेबसाइटनं जुनं कुलूप घेणं बंद केलं जी. तुमचा आधीचा ब्राउझर कुलूप संगणकाकडून मागून घेते. अन् संगणकाकडे नवं कुलूपच नाही. हा दुसरा ब्राउझर आपलं कुलूप पिशवीत घेऊनच येते."

त्या रात्री मला सुतार आठवला. पुढे त्या मुलाने समजावून दिले आणि मीही जमेल तसे वाचले. त्याचे सार असे.

इंटरनेटवरून आपण धाडलेला मजकूर कितीतरी परक्या यंत्रांच्या हातांतून जातो. तेव्हा तीन गोष्टींची हमी लागते: पलीकडचा माणूस खराच तो आहे, मधल्या कोणाला मजकूर वाचता येणार नाही, आणि त्यात कोणी फेरफार केला तर तो कळेल. ही हमी देण्यासाठी १९९५ मध्ये अमेरिकेतील नेटस्केप कंपनीने आपल्या ब्राउझरमध्ये 'एसएसएल' नावाची पद्धत आणली. तिचीच सुधारलेली रूपे १९९९ पासून 'टीएलएस' या नावाने ओळखली जातात. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसत आलेले ते इवलेसे कुलूप म्हणजे याच पद्धतीची खूण.

परंतु प्रारंभीच एक विघ्न आले. मजबूत सांकेतिक लिपीची साधने अमेरिका १९९६ च्या अखेरीपर्यंत युद्धसामग्रीत गणीत असे. परदेशी पाठवावयाच्या ब्राउझरमध्ये केवळ ४० बिटांची किल्ली घालण्यास परवानगी होती. अशा किल्लीचे सुमारे एक लाख दहा हजार कोटी प्रकार संभवतात. ऐकावयास आकडा प्रचंड वाटतो. पण १९९५ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधील एका संशोधकाने असे एक कुलूप आठ दिवसांत उघडून दाखविले. तात्पर्य, घरच्यांना एक कुलूप आणि परक्यांना दुसरे, अशी स्थिती होती. मग दार घडविणाऱ्याने करावे काय?

१९९७ मध्ये सन कंपनीने जावा या संगणकभाषेची १.१ ही आवृत्ती काढली, तेव्हा तिच्यात याचे एक उत्तर होते. कुलूप दारातच ठोकून बसवावयाचे नाही. कोयंड्याचे माप तेवढे ठरवावयाचे. कार्यक्रम लिहिणाऱ्याने 'अमक्या लोहाराचे कुलूप दे' असे म्हणू नये. 'अमक्या जातीचे कुलूप दे' एवढेच म्हणावे. मध्ये एक नोंदवही असते. तीत कुलूप पुरविणाऱ्यांची नावे पसंतीच्या क्रमाने लिहिलेली असतात. मागणी आली, की वरून खाली पाहत जावयाचे. ज्याच्यापाशी तो माल प्रथम सापडेल त्याचे कुलूप द्यावयाचे. या पुरविणाऱ्याला तिकडे 'प्रोव्हायडर' म्हणतात. उद्या पुरवठादार बदलला तर वहीतली एक ओळ बदलते; कार्यक्रमाला हात लावावा लागत नाही.

मजबूत कुलपांची सन कंपनीची पेटी मात्र अमेरिका व कॅनडा यांच्याबाहेर जाऊ शकत नव्हती. मग बाहेरच्या लोकांनी त्याच मापाची कुलपे स्वतः घडविली. ऑस्ट्रेलियात २००० साली सुरू झालेला 'बाउन्सी कॅसल' हा संग्रह त्यांतलाच. जगभरचे लोक तो आजही वापरतात. त्याच वर्षी अमेरिकेचे निर्बंधही बरेच सैल झाले. तथापि सन कंपनीने एक अट घातली. जडजोखमीचे कुलूप या कोयंड्यात यावयाचे, तर त्याच्यावर ओळखीचा शिक्का हवा. कोयंडा सर्वांना खुला असला, तरी त्यात कोणी काय अडकवावे याला धरबंध हवाच.

कोयंड्याचे माप ठरविणे हे काम वाटते तितके सोपे नाही. ते एकाच कुलपाच्या आकाराचे केले तर दुसरे बसत नाही. फार सैल केले तर कडीच निसटते. जावातच आधी कुलूप आणि वाहतूक यांची एक मोट बांधलेली होती. म्हणजे सुरक्षित जोडणी हवी, तर गाडीही त्याच पुरवठादाराची घ्यावयाची. २००४ मध्ये या दोहोंची फारकत झाली. कुलपाने आत आलेला मजकूर बंद करून परत द्यावा. तो बैलगाडीने न्यावा की आगगाडीने, याची उठाठेव त्याने करू नये. जोडणाऱ्या वस्तूने आपल्यापुरतेच काम करावे, हा धडा पदरात पडावयास सात वर्षे लागली!

सगळ्यांनीच असा कोयंडा बसविला नव्हता. जगातील असंख्य वेबसाइटींचे कार्यक्रम 'ओपनएसएसएल' या एकाच कुलपाशी थेट सांधलेले होते. २०१४ च्या ७ एप्रिलला जाहीर झाले, की दोन वर्षांपासून त्या कुलपात एक चूक राहून गेली आहे. बाहेरच्याने खुबीने विचारले, की यंत्राच्या स्मरणातला ६४ किलोबाइटांपर्यंतचा मजकूर ते बिनबोभाट त्याच्या ओटीत घाली. तोही एकदा नव्हे, हवा तितक्या वेळा! या चुकीला 'हार्टब्लीड' असे नाव पडले. त्या वर्षी 'लिबरएसएसएल' आणि 'बोरिंगएसएसएल' ही दोन नवी कुलपे त्याच जुन्या कुलपापासून निघाली. परंतु ज्यांनी कुलूप दारातच चिणले होते, त्यांना ते बदलण्यासाठी चौकटच खणावी लागणार होती.

येथपर्यंत ऐकून वाटेल, की कोयंडा बसविला म्हणजे काम झाले. तसे नाही. आमच्या शाळेची सहल चंद्रपूरला जाते, तेव्हा मी मुलांना गोंडराजांचा परकोट दाखवितो. त्याला चार मोठे दरवाजे: जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर. गोंडराजे गेले, भोसले आले. १८१८ मध्ये इंग्रजी तोफा आल्या. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्यही खालसा झाले. पहारेकरी बदलत गेले, दरवाजे तेच राहिले. मुलांना यातली गंमत कळते. पण त्याच परकोटाला पाच खिडक्याही आहेत आणि त्यांतल्या एकीचे नावच चोर खिडकी! मोठ्या दरवाजांवर कितीही पहारा ठेवा, अशी एखादी खिडकी ध्यानात राहिली नाही, तर तो पहारा व्यर्थ.

२०१५ च्या मार्चमध्ये संगणकाच्या जगाला अशीच एक खिडकी सापडली. निर्यातीसाठी केलेली ती नव्वदीतली मुद्दाम दुबळी कुलपे कोणी काढून टाकलीच नव्हती. निर्बंध जाऊन पंधरा वर्षे लोटली, तरी अनेक वेबसाइटींच्या यादीत ती तळाशी पडून होती. मध्ये बसलेला लबाड दोन्ही बाजूंना फसवून त्यांनाच ते दुबळे कुलूप लावावयास लावी आणि काही तासांत ते उघडी. या प्रकाराला 'फ्रीक' म्हणतात. अनेक कुलपे बसण्याची सोय असली, की जुने कुलूपही बसते. सोयीची ही दुसरी बाजू.

शिक्का कोणाचा मानावा, हा प्रश्नही असाच. २०१४ च्या जुलैत भारतातील राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या अधिकारातून गूगलच्या नावाची काही अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे उघडकीस आले. ज्या ब्राउझरना विंडोजची विश्वासाची यादी प्रमाण होती, त्यांना त्यापासून धोका होता. फायरफॉक्स आपली स्वतंत्र यादी बाळगीत असल्यामुळे त्यातून वाचला. कुलूप कोणाचे आणि विश्वास कोणावर, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत आणि प्रत्येकाचे उत्तर बदलता यावे, हे त्या प्रसंगाने आपल्याच घरी दाखवून दिले.

हे सारे पाहून ओपनएसएसएलनेही २०२१ च्या सप्टेंबरात आपल्या ३.० या आवृत्तीत 'प्रोव्हायडर' ही रचना स्वीकारली. तीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की जुनी दुबळी कुलपे निराळ्या अडगळीच्या खोलीत ठेवली आहेत. मुद्दाम नाव घेऊन मागितल्यावाचून ती बाहेर येत नाहीत.

आता पुन्हा शाळेच्या त्या संगणकाकडे वळतो. त्या मुलाने मला नंतर सांगितले, की त्या जुन्या प्रणालीतही कोयंडा होता, आणि तो चांगला होता. परंतु तिच्यासाठी नवी कुलपे घडविणे केव्हाच बंद झाले होते. म्हणजे कोयंडा होता, पण लोहार उठून गेला होता! वेबसाइटवाल्यांनी जुने कुलूप बंद केले यात त्यांची चूक नव्हती. ते दुबळे झालेच होते. चूक एवढीच, की दाराबाहेर राहिलेल्या अकरा मुलांना वेळेवर कोणी काही कळविले नाही. कुलूप बदलणे हे शहाणपण खरेच. पण ज्यांच्या हाती जुनीच किल्ली आहे त्यांना नवी पोचविणे, हेही त्याच कामात मोडते. आमच्यासारख्या आडगावी ती पोचावयास फार उशीर होतो.

नवी कुलपे तर येतच राहणार. पुढे येणाऱ्या क्वांटम संगणकांना आजची काही कुलपे सहज उघडता येतील, या धास्तीने अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ च्या ऑगस्टमध्ये तीन नव्या पद्धती प्रमाण म्हणून जाहीर केल्या. ज्यांच्या दाराला कोयंडा आहे, ते वहीतली ओळ बदलतील. इतरांना सुतार बोलवावा लागेल.

ती मुलगी रोवणीला गेली नाही. आज ती परिचारिकेचा अभ्यासक्रम करीत आहे आणि दिवाळीला घरी आली की फराळाचे ताट घेऊन आमच्याकडे येते.

किल्ल्यांचा तो जुडगा मी मोडीत घातला. सौभाग्यवतींना आश्चर्य वाटले. जुन्या वस्तूंवरचा माझा जीव त्यांना ठाऊक आहे. मी म्हटले, "ज्या कुलपांवर आता भरवसा नाही, त्यांच्या किल्ल्या जपून काय करावयाच्या?" मग कोयंड्याला दोन थेंब तेल सोडले, कडी दोनदा वर-खाली केली आणि उंबऱ्यावर पणती ठेवली.