एक पौंड धान्य आणि नगरची भाकरी



भाकरीवर व्याख्यान म्हटल्यावर आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. मी शाळेत फार शिकलेला माणूस नाही. कामगारांच्या वेतनाचे हिशेब मांडता मांडता जे वाचले, तेवढीच माझी पुंजी. पण त्या हिशेबात शेवटचा आकडा नेहमी भाकरीचाच निघतो, म्हणून हा विषय घेतला.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. पारनेर-पाथर्डीकडे बाजरी, कर्जत-जामखेडकडे रब्बीची ज्वारी. ही धान्ये आपण आवडीने निवडली असे नव्हे. थोड्या पावसावर येतात म्हणून ती आपल्या ताटात आली. मात्र त्यांनी आपले नुकसान केलेले नाही. ज्वारीत तंतू भरपूर. ती सावकाश पचते, त्यामुळे कष्टकऱ्याला चार घटका भूक लागत नाही. बाजरीत लोह गव्हापेक्षा जास्त. पण भाकरीच्या भक्तांनी एक गोष्ट विसरू नये. नुसत्या ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा नावाचा त्वचेचा रोग आढळतो, हे हैदराबादेत डॉ. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास दाखवून दिले. भाकरीबरोबर डाळ, पालेभाजी, ताक हवेच. मीठ-मिरचीशी भाकरी खाणे यात थोरवी नाही, ती नाइलाजाची गोष्ट आहे.

करण्याची रीत आपल्या भगिनींना मी काय सांगणार! पण पुरुषांनी एकदा समजून घ्यावी. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते लाटता येत नाही. कढत पाणी घातले की पिठातला स्टार्च फुगतो आणि त्यानेच पीठ धरून राहते. मग परातीत तळहाताने रेटून मळायचे, कोरडे पीठ भुरभुरून थापायचे, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि शेवटी निखाऱ्यावर फुगवायची. पीठ ताजे हवे. बाजरीचे तर काही दिवसांतच कडू होते, कारण तिच्यात स्निग्धांश अधिक.

आता इतिहास. १८७६ च्या पावसाने दगा दिला आणि दख्खनवर मोठा दुष्काळ पडला; नगर जिल्हा त्यात होरपळला. सरकारने दुष्काळी कामे काढली. १८७७ च्या आरंभी व्हाइसरॉयचा प्रतिनिधी म्हणून सर रिचर्ड टेंपल आला. खर्च कमी करणे हे त्याचे मुख्य काम. मजुराला रोज एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे पुरेत, असे त्याने ठरवले.

एक पौंड म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम. आपल्या घरच्या मापाने पाच भाकऱ्या. त्यातून सुमारे पंधराशे उष्मांक मिळतात. तेवढे माणूस नुसता पडून राहिला तरी जवळजवळ लागतात. खडी फोडणाऱ्याला त्याच्या दुपटीहून अधिक हवेत. उष्मांकाचे हे गणित तेव्हाच्या मजुराला ठाऊक नव्हते, पण पोटाला ठाऊक होते. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनीही हा शिधा अपुरा असल्याचे सांगितले आणि पुढे तिकडे मजुरी वाढवावी लागली.

मुंबई इलाख्यात मात्र मजुरांनीच उत्तर दिले. कमी शिधा आणि गावापासून दूरच्या कामावर जाण्याची सक्ती यांविरुद्ध हजारो लोक कामे सोडून निघून गेले. त्यांना ना संघटना, ना वर्गणी, ना झेंडा. पुण्याच्या सार्वजनिक सभेने, म्हणजे सार्वजनिक काका आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या मंडळींनी, त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. आमच्या चळवळीचे इतिहास बहुधा मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होतात. माझ्या मते एक पान या उपाशी माणसांसाठी आधी सोडायला हवे. आपण ज्या दौंड-मनमाड गाडीने जातो, तो मार्गही त्याच वर्षांत बांधला गेला व १८७८ साली खुला झाला.

१९७२ च्या दुष्काळात चित्र पालटले होते. कामावर सुकडी मिळे, रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो. तिची भाकरी धड थापता येत नसे, चवही नसे. लोकांनी नावे ठेवली आणि खाल्ली. पण काम मागणे हा हक्क आहे, ही गोष्ट त्याच दुष्काळातून पुढे आली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी १९७७ साली कायद्यात उतरली.

आज भाकरीला पुन्हा मान आला आहे. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले. हॉटेलात भाकरीची थाळी मिळते. गरिबाला मात्र रेशनवर मुख्यतः गहू-तांदूळ येतो आणि चांगला शाळू बाजारात गव्हापेक्षा महाग पडतो. पाथर्डी-शेवगावची माणसे ऊसतोडीला जातात तेव्हा नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या कोयत्यातली बाई अंधारात उठून दिवसभराच्या भाकऱ्या थापते आणि मग फडात जाते. मजुरी टनावर मिळते. थापण्याचा तो वेळ त्यात कुठे धरलेला नसतो.