अंगणातील बालेकिल्ला

दिवाळीत मुलांनी मातीचा किल्ला बांधण्याची महाराष्ट्रातील प्रथा सहसा शिवकालाच्या स्मरणाशी जोडून पाहिली जाते आणि ते योग्यही आहे. मात्र त्या गौरवात तिचे खेळ म्हणून असलेले रूप झाकले जाते. या खेळात हार-जीत नसते, डाव कधी संपला हे सांगणारा पंच नसतो आणि आराखडाही आधी ठरलेला नसतो. अंगणाचा कोपरा, विटा-दगडांचा ढीग, चाळलेली माती आणि चार-सहा मुले एवढ्या भांडवलावर तो सुरू होतो आणि काय बांधायचे हे बांधता बांधताच ठरत जाते.

रीत साधी असली तरी तिच्यात कसब आहे. दगड-विटा व फुटके डबे रचून त्यांवर चिखलात बुडवलेले गोणपाट अंथरले, की डोंगराच्या घड्या आपोआप पडतात. त्यावर मातीचा लेप देऊन बुरूज, तटबंदी, महाद्वार आणि सर्वांत वरचा सुरक्षित भाग, म्हणजे बालेकिल्ला, घडवला जातो. उतारावर मोहरी किंवा आळीव काही दिवस आधीच पेरावे लागते, नाहीतर ऐन दिवाळीत डोंगर बोडका राहतो. पायथ्याच्या तळ्यात सलाइनच्या नळीतून कारंजे उडते, वरच्या सिंहासनावर महाराज बसतात, दाराशी भालदार व मावळे उभे राहतात आणि गुहेत वाघ बसतो.

या किल्ल्याच्या पायथ्याशी मात्र सतराव्या शतकाचे बंधन कोणी पाळत नाही. प्लॅस्टिकचे बंदूकधारी सैनिक, आगगाडी, विमानतळ, क्रिकेटचे मैदान हे सारे तेथे सुखाने नांदते, आणि इतिहासाच्या जाणकाराला खटकणारी ही भेसळच खरे तर या प्रथेचा प्राण आहे. संगणकीय खेळांच्या परिभाषेत अशा भरीला मॉड म्हणतात, म्हणजे मूळ खेळात खेळाडूंनी स्वतः घडवून घातलेली भर. आणि ठरावीक उद्दिष्टाऐवजी मोकळे जग व साहित्य हाती देणाऱ्या खेळाला सँडबॉक्स, म्हणजे वाळूचा हौद, असे नाव आहे. ‘हाफ-लाइफ २’ या युद्धखेळात अशी भर घालून २००४ साली ‘गॅरीज मॉड’ निघाला, ज्यात लढाईऐवजी वस्तू जोडून हवे ते उभारणे हाच खेळ झाला. मे २००९ मध्ये लोकांसमोर आलेल्या आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झालेल्या ‘माइनक्राफ्ट’ने तर ठोकळ्यांचे जग अनेकांना एकाच वेळी एकत्र बांधता येईल असे केले. निर्मात्यांनी तशी अधिकृत सोय केलेली नसतानाही खेळाडूंनी या खेळाची उकल करून त्यात यंत्रे, वीजवाहिन्या, नवे प्राणी घातले. त्या काळात वाढलेली पिढी आज ‘बीटा १.७.३’सारख्या २०११ च्या जुन्या आवृत्तीकडे हळवेपणाने परतते, आणि त्या ओढीत ठोकळ्यांच्या ओबडधोबड चित्रांपेक्षा, मालकाला न विचारता खेळ बदलण्याच्या मुभेचा आणि सोबत्यांचा वाटा मोठा असावा.

अंगणातल्या खेळातही अशी भर बाहेरून येत असते, आणि चंद्रपूरजवळचे ऊर्जानगर ही प्रथांच्या अशा देवाणघेवाणीला अनुकूल वसाहत आहे. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या चंद्रपूर महाऔष्णिक वीजकेंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी ती वसली आणि तत्कालीन राज्य वीज मंडळाच्या बदलीच्या नोकरीमुळे वेगवेगळ्या जिल्ह्यांतील कुटुंबे एकमेकांची शेजारी झाली. किल्ल्याची प्रथा मुख्यतः पश्चिम महाराष्ट्राची. पूर्वेकडे तिला आधार मिळाला तो अशा नोकरदार घरांचा आणि चौथीच्या ‘शिवछत्रपती’ या पाठ्यपुस्तकाचा, ज्यामुळे सह्याद्री न पाहिलेल्या मुलालाही रायगड व प्रतापगड तोंडपाठ असत. गुहेतल्या वाघाचा अर्थ मात्र येथे वेगळा होतो, कारण वीजकेंद्राच्या झुडपी परिसरात वाघ-बिबट्यांचा खरोखरच वावर असून २०२२ साली ऊर्जानगर-दुर्गापूर भागात त्यांच्या हल्ल्यांत माणसे दगावली आहेत.

बांधून मोडण्याची कल्पनाही या भागाला परकी नाही. बलिप्रतिपदेला गोवारी समाज गायगोधन साजरे करतो, ज्यात शेणाचा गोवर्धन मांडून त्यावरून गाई नेतात. मांडलेले तुडवले जाणे हाच तेथे विधी असतो. अंगणातला किल्लाही तुळशीच्या लग्नानंतर ढासळू दिला जातो किंवा उरलेल्या फटाक्यांनी उडवला जातो. संगणकावरचे जुने जग जतन करता येते, त्याची प्रत काढता येते, आणि म्हणून त्यासाठी हुरहुरणाऱ्याला परतण्याची वाट असते. मातीच्या किल्ल्याची प्रत उरत नाही, परंतु दरवर्षी तो नव्याने बांधावाच लागतो, आणि यात नुकसान कोणाचे हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही.

प्रथेचे खरे आकुंचन दुसरीकडून झाले. सदनिकांमुळे अंगण गेले, बाजारात प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले आले, आणि स्पर्धांमुळे हुबेहूब प्रतिकृतीला मान मिळाला. स्पर्धेने मुलांना नकाशा वाचायला लावले हे मान्य केले पाहिजे. पण राजगडाची सुवेळा माची मोजून-मापून उभारणाऱ्या गटाला पायथ्याशी विमानतळ ठेवता येत नाही, आणि बहुतेकदा माती कालवणारे हातही मोठ्यांचेच असतात. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवल्यावर प्रतिकृतींची ओढ वाढणे स्वाभाविक आहे.

त्या बारांपैकी अकरा महाराष्ट्रातले असले तरी विदर्भातला एकही नाही. चंद्रपूरला स्वतःचा परकोट आहे, जो परंपरेने गोंड राजा खांडक्या बल्लाळशहाच्या नावाशी जोडला जातो आणि ज्याची स्वच्छता इको-प्रो या स्थानिक संस्थेच्या स्वयंसेवकांनी २०१७ पासून श्रमदानाने केली. पण तो सपाटीवरचा नगरकोट असल्याने गोणपाटाचा डोंगर त्याला उपयोगाचा नाही. तो बांधायचा तर कोपरा सोडून सारे अंगण व्यापावे लागेल, तटाची वळणे जमिनीलगत फिरवावी लागतील, जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा व बिनबा हे चार दरवाजे आणि पाच खिडक्या, म्हणजे तटातील लहान वाटा, काढाव्या लागतील, आणि दरवाजांवर हत्तीला दाबून उभा असलेला गोंडांचा सिंह कोरावा लागेल, जो मूर्तिकारांच्या दिवाळीच्या दुकानात तयार मिळत नाही.